रिमोटमामा

मामांच्या थेटरात पिच्चर सुरू व्हायच्या आधी दिवा मालवतात, दार लोटून घेतात, मामी "चूप बसा रे पोट्टेहो" म्हणते आणि समोरच्या 55 इंची पडद्यावर निळ्यावर पांढरी अक्षरं येतात : नो सिग्नल. गेल्या चार वर्षांत केनवडला जाऊन मी तिथे 11 पिच्चर पाहिले. सगळ्यांची सुरुवात हीच. मामांच्या धाकट्या नातीला तर ते पिच्चर काढणाऱ्यांचं नाव वाटतं. एकदा तिने विचारलंसुद्धा, "आबा, हा पण नो सिग्नलवाल्यायचाच हाये का?"

"काही नाई," अंधारातून मामांचा आवाज येतो, "सेटिंगचा विषय हाये."

मामांच्या मते जगात घडणारं आणि बिघडणारं सगळंच सेटिंगचा विषय असतं. मोटर पाणी ओढत नाही, सेटिंग. पुतण्याचं जमत आलेलं लग्न मोडलं, सेटिंग. गेल्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी बीपी दीडशेच्या वर सांगितलं, तेव्हा मामांनी पहिल्यांदा त्या यंत्राचा पट्टा नीट बसलाय का ते पाहिलं, मग सेल बदलायला सांगितले, आणि पुन्हा मोजल्यावर आकडा आणखी वर गेला तेव्हा कुठे गोळी घेतली.

केनवड रिसोड तालुक्यात, मालेगावहून मेहकरकडे निघालं की वाटेवर. मामांचं लग्न झालं तेव्हा गाव अकोला जिल्ह्यात होतं. 1 जुलै 1998 ला वाशीम जिल्हा वेगळा झाला आणि मामींचा संसार कपबशीसुद्धा न हलता दुसऱ्या जिल्ह्यात गेला. मामा हे असं सांगतात : "आमी जागचे हाललो नाई. सोर्स बदलला."

थेटर म्हणजे मुळात धान्याची खोली. 2021 च्या पावसाळ्यात सोयाबीन क्विंटलला 10,000 च्या वर गेलं. आमच्याकडे आता नुसतं "त्या वर्षी" म्हटलं तरी कळतं. बहुतेकांचा माल तोवर कधीच विकून झाला होता. मामांचा नव्हता, कारण तो अख्खा उन्हाळा ते छतावरच्या छत्रीचा कोन जुळवत होते आणि माल बाजारात न्यायचं राहून गेलं होतं. घरात याला मामांची दूरदृष्टी म्हणतात. मामी म्हणत नाही. तिला त्या पैशात मागच्या खोल्यांवर स्लॅब हवी होती. मामांनी अकोल्याहून टेम्पो बोलावला. त्यातून टीव्ही उतरला, रिसीव्हर उतरला, पाच स्पीकर उतरले आणि शेवटी दोघांनी धरून एक काळा ठोकळा उतरवला. त्याला दुकानात सबवूफर म्हणतात. गावाने त्याचं नाव त्याच संध्याकाळी 'धडधड्या' ठेवलं.

मामांनी चारचौघांत "घरी डॉल्बी हाये" असं सांगितलं, तिथे थोडा घोटाळा झाला. महाराष्ट्रात डॉल्बी म्हणजे मिरवणुकीतली भिंत. दुसऱ्याच दिवशी दोघं जण हळदीसाठी भाडं विचारायला आले. रे डॉल्बी या गृहस्थांनी 1965 मध्ये कंपनी काढली ती टेपमधली खरखर कमी करण्यासाठी. आवाज कमी करण्याच्या धंद्यातल्या माणसाचं नाव आपण कुठे नेऊन ठेवलं! मामांनी त्या दोघांना आत नेऊन पाचही स्पीकर दाखवले. ते पाहून त्यांचा चेहरा पडला. "एवढूशे?" असं म्हणून ते गेले.

या सगळ्या यंत्रांचे मिळून सात रिमोट. मामा घरात बंडी घालतात, आणि तिला रिसोडच्या शिंप्याकडून त्यांनी दोन जादा खिसे लावून घेतले आहेत. उजव्या खिशात टीव्हीचा आणि रिसीव्हरचा, डाव्यात सेटअप बॉक्सचा आणि डीव्हीडीचा, आतल्या चोरखिशात, जिथे पूर्वी बाजाराचे पैसे असायचे, तिथे काडीचा. काडी म्हणजे टीव्हीच्या मागे खुपसायची ती इंटरनेटवाली स्टिक. प्रत्येक रिमोट पारदर्शक पिशवीत घालून रबर लावलेला. पाठीवर दवाखान्यातली चिकटपट्टी आणि त्यावर बॉलपेनने लिहिलेलं : 'आवाज', 'डबा', 'काडी', 'जुना', 'जुना (चालतो)'. निळ्या पट्टीचा एक आहे, त्यावर काहीच लिहिलेलं नाही. त्याला कुणी हात लावायचा नाही एवढंच सगळ्यांना माहीत आहे.

मामा रिमोट टीव्हीकडे सरळ धरत नाहीत. हात डोक्यावर नेतात, मनगट थोडं वळवतात आणि नेम धरल्यासारखे दाबतात. हरभऱ्यावरच्या पाखरांना गोफण मारताना मी त्यांना पाहिलंय. तोच हात आहे.

हा हात कुठून आला ते मला ठाऊक आहे. 25 जानेवारी 1987 ला दूरदर्शनवर रामायण सुरू झालं तेव्हा गल्लीत एकच टीव्ही होता, मामांच्या वडिलांचा. दर रविवारी साडेनऊच्या आत ओसरी भरायची. बायका हार घेऊन यायच्या. आणि मामा, तेव्हा विशीतले, शिडी लावून माळवदावर जायचे, कारण अँटेना वाऱ्याने फिरायचा. खालून कुणी तरी ओरडायचं, "आलं!" मामांनी हात सोडला की "गेलं!" मग धरून उभे राहायचे. काही रविवारी चित्र फक्त मामांनी नळी धरली तरच यायचं, म्हणजे मामाही अँटेनाचाच भाग झाले. रामायणाचे 78 भाग झाले. त्यातले किती मामांनी पाहिले असं विचारलं तर ते बोटांवर मोजतात, आणि दुसऱ्या हाताची गरज पडत नाही. बाकीचे त्यांनी वरून ऐकले. लंका जळत होती तेव्हा ते पूर्वेकडे सरकत होते.

माणूस एकदा वर चढला की उतरत नाही असं माझं निरीक्षण आहे. छतावरून ते उतरले ते थेट मेनूत. अँटेना गेला, छत्री आली, छत्रीमागून काडी आली. मामांचा हात नळीवरून बटणावर आला एवढंच. खालून "आलं" आणि "गेलं" म्हणणारे तेच.

रिसीव्हर आला त्या आठवड्यात 'मोजणी' झाली. त्या यंत्रासोबत एक छोटा माइक येतो. तो आपण जिथे बसणार तिथे कानाच्या उंचीवर ठेवायचा. मग यंत्र एकेका स्पीकरमधून 'घूप्, घूप्, घूप्' असा आवाज सोडतं आणि माइकने ऐकून ठरवतं की कोणता स्पीकर किती लांब, कोणाचा आवाज किती वाढवायचा. अट एकच : त्या वेळी पूर्ण शांतता हवी. स्टुलावर दोन पायल्या पालथ्या घालून मामांनी कानाची उंची साधली, माइक वर ठेवला आणि बटण दाबलं. तेवढ्यात कुकरची शिट्टी. 'आजूबाजूला फार आवाज आहे' असं पडद्यावर आलं. दुसऱ्यांदा गोठ्यात गाय हंबरली. तिसऱ्यांदा रस्त्यावरून ट्रक गेला. चौथ्यांदा सगळं शांत होतं, तर मामीच म्हणाली, "झालं का हो?" शेवटी मामांनी पहाटे तीनचा मुहूर्त काढला. पहाटे तीन वाजता केनवडमध्ये घूप्, घूप्, घूप् सुरू झालं, आधी आमच्या गल्लीतली कुत्री उठली, मग पलीकडची, आणि साडेतीनला समोरचे आजोबा कंदील नव्हे पण मोबाइलचा टॉर्च घेऊन "कोठी बोअर मारून रायले?" असं विचारायला आले.

मोजणी झाली ती अशी की धडधड्या दहा फुटांवर असताना यंत्राने 19 फूट लिहिलं. तसं होतं, आतल्या फिल्टरमुळे आवाज उशिरा निघतो आणि यंत्र उशिराला अंतर समजतं. मामांना हे मी समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बांधाच्या मोजणीतही असंच झालं होतं."

पण खरी गंमत पुढे. पहिल्या वर्षी खोलीत भिंतीला लावून 40 पोती होती आणि आवाज झकास होता. पोती विकली, तसा आवाज घुमायला लागला. भरलेलं पोतं आवाज खातं, हे मामांनी स्वतः शोधून काढलं, कुठल्या पुस्तकात वाचून नव्हे. तेव्हापासून रिसीव्हरच्या मेमरीत दोन सेटिंग जपून ठेवली आहेत : एक 'खरीप' आणि एक 'रब्बी'. मृगाच्या सुमारास खोली रिकामी असते तेव्हा तिसरं लागतं. त्या काळात मामा भिंतीवर रिकामा बारदाना लटकवतात आणि मामी त्या खोलीत पाऊल टाकत नाही.

एस.टी. दोन तास उशिरा आली तरी मामा फाट्यावर शांतपणे तंबाखू मळत बसतात. पण पडद्यावरच्या माणसाचे ओठ आणि आवाज यांत चाळीस मिलिसेकंदांचा फरक पडला की त्यांना बसवत नाही. आवाज पुढे आहे की मागे, यावर आमचा एक अख्खा मध्यंतर गेला आहे.

आता एक रिमोट. सातांचा एक करायचा, हे मामांच्या आयुष्यातलं मोठं स्वप्न, आणि मोठ्या स्वप्नांचं होतं तेच त्याचं झालं. एचडीएमआयच्या तारेत 19 पिना असतात. चित्र आणि आवाज बाकीच्यांतून जातं आणि 13 नंबरच्या एकट्या पिनेवरून यंत्रं एकमेकांशी बोलतात. याला सीईसी म्हणतात, पण म्हणत कुणीच नाही. सॅमसंग त्याला एनीनेट प्लस म्हणतं, एलजी सिंपलिंक, सोनी ब्राव्हिया सिंक, पॅनासॉनिक व्हिएरा लिंक. माहेरचं नाव एक आणि सासरची चार. त्यामुळे मेनूत शोधायचं काय, इथपासून सुरुवात. मामांनी शोधलं. चालू केलं. आणि घरातल्या यंत्रांना वाचा फुटली.

त्या पिनेवर प्रत्येकाला नंबर असतो. टीव्ही कायम शून्य, आवाजाचं यंत्र पाच, आणि पिच्चर चालवणाऱ्या यंत्रांसाठी चार, आठ आणि अकरा अशी तीनच पानं मांडलेली. मामांकडे डीव्हीडी होती, काडी होती, मुलाने पुण्याहून आणलेला ब्लू-रे होता आणि एक चायनाचा डबा होता. चौथ्याला पान नाही. जो शेवटी जागा होई तो पंगतीबाहेर. मामांनी रोज वेगवेगळ्याला उपाशी ठेवून पाहिलं.

मामीशी खटका उडाला तो निराळ्याच कारणाने. या पिनेवरून कुठलंही यंत्र टीव्हीला सांगू शकतं, "आता माझ्याकडे बघ." एका संध्याकाळी मामीच्या मालिकेत सासू मृत्युपत्राचा कागद फाडणार, हात वर गेलेला, तेवढ्यात काडी आपली आपण जागी झाली. तिला काही तरी नवीन उतरवून घ्यायचं होतं. तिने टीव्हीला हाक मारली आणि पडद्यावरून सासू गेली, काडीचं रंगीबेरंगी दुकान आलं.

"काय झालं हो?"

"काडीनं ॲक्टिव्ह सोर्स म्हणलं."

"तिले म्हणा, तू पाव्हणी हायेस."

तो कागद फाटला की नाही हे मामीला दुसऱ्या दिवशी जावेकडून कळलं. सीईसी त्याच रात्री बंद झालं. "काडीनंच काडी लावली," एवढंच मामा म्हणाले.

मग शिकाऊ रिमोट आला. त्याला जुन्या रिमोटची भाषा शिकवायची असते. दोघांना ओट्यावर नाकासमोर नाक असं ठेवायचं, जुन्याचं बटण दाबायचं, नव्याने ते ऐकायचं. पंधरा दिवस संध्याकाळी मामांच्या ओसरीवर हा दाखवायचा कार्यक्रम चालला होता. एक-दोघांना मान खाली घालून बसलेलं पाहून शेजारची म्हातारी म्हणाली, "जमलं का?" जमलं होतं. फक्त एक अडचण राहिली. या यंत्रांना चालू करायला वेगळं बटण आणि बंद करायला वेगळं, असं नसतं. एकच बटण, चालू असेल तर बंद आणि बंद असेल तर चालू. मामांनी एका बटणात सगळ्यांना बसवलं. लाइट गेली आणि आली की केनवडमध्ये काही यंत्रं आपोआप सुरू होतात, काही झोपून राहतात. मग मामा ते एक बटण दाबतात. जागे होते ते झोपतात, झोपले होते ते उठतात. पुन्हा दाबलं की उलट. लाइट आमच्याकडे किती वेळा जाते ते वऱ्हाडातल्या वाचकाला सांगायला नको.

मी एकदा शहाणपणा करून सांगितलं, "मामा, 1956 मध्ये अमेरिकेत झेनिथ कंपनीने असा रिमोट काढला होता की त्यात सेलच नव्हता. आत ॲल्युमिनियमच्या दांड्या. बटण दाबलं की हातोडी बसायची, माणसाला ऐकू न येणारा नाद निघायचा आणि चॅनेल बदलायचं."

"सेलच नाई?" मामा हलले. "मंग बंद काहून केला?"

"किल्ल्यांचा जुडगा खुळखुळला तरी चॅनेल बदलायचं म्हणतात."

मामांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. जुडगा मामीच्या कमरेला असतो. "बरं केलं बंद केला," ते म्हणाले.

अरबी रात्रीची गोष्ट गावात वेगवेगळी सांगितली जाते. मी तिथे होतो, तेव्हा जशी झाली तशी लिहितो. दिवाळीनंतरची रात्र. नातवाच्या हातात काडीचा रिमोट तीन मिनिटं राहिला. तीनच. मामा हातपाय धुऊन आले तेव्हा पडद्यावरचा सगळा मजकूर अरबी झाला होता. नुसती अक्षरं बदलली असती तर मामांनी आठवणीने वाट काढली असती, कारण 'खाली चार, उजवीकडे एक, ओके' हे त्यांना झोपेतही येतं. पण अरबी उजवीकडून डावीकडे चालते आणि तिच्यासोबत मेनूही फिरतो. जे उजवीकडे उघडायचं ते डावीकडे उघडलं. मामा खाली चार गेले, उजवीकडे एक गेले आणि बाहेर पडले. तीन वेळा बाहेर पडले. आपल्याच घरात दार सापडू नये तसे उभे राहिले.

रिसोडच्या दुकानदाराला फोन लावला. तो बिचारा दुकान बंद करून जेवायला बसला होता. त्याने तिथून आपल्या टीव्हीसमोर बसून 'खाली, खाली, उजवीकडे' सांगितलं आणि मामा पुन्हा बाहेर पडले. त्याच्याकडचं जग सरळ होतं आणि आमचं आरशातलं.

"चाचाले बोलवा," मामी म्हणाली. रस्त्यावर गॅरेज असलेले चाचा सातवीपर्यंत उर्दू शाळेत गेलेले. ते आले, टोपी सारखी केली, चष्मा लावला आणि पडद्याजवळ खुर्ची घेऊन बसले.

"ये उर्दू नहीं है भाऊ. अरबी है. पढ सकता, मतलब का बोल नहीं सकता."

"पढा तं," मामा म्हणाले.

चाचांनी वाचलं, "इअदादात... आदाद म्हणजे आकडे होते हैं."

"आकडे म्हणजे चॅनेल नंबर," मामा म्हणाले. ते चुकलं होतं, तो शब्द सेटिंगचाच होता. पण 'सेटिंगचा विषय' समोर आला असता मामांना तो ओळखू आला नाही, हे मी आजवर त्यांना सांगितलेलं नाही. आत शिरल्यावर एक लांब यादी आली. चाचा एकेक ओळीवर बोट ठेवत उतरू लागले.

"सौत."

स्वयंपाकघरातून मामी बाहेर आली. "कोणाची सवत?"

"नहीं भाभी, सौत. आवाज को बोलते."

"ते सोडा," मामा घाईने म्हणाले, "खालचं पाहा."

"निज़ाम."

मामांनी रिमोट खाली घेतला. "निजाम? टीव्हीत?" मामा इतिहासाचे पक्के. 1853 मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं, हे त्यांनी शाळेत पाठ केलेलं. "वऱ्हाड सोडून हा इथी येऊन बसला काय?" तो शब्द 'सिस्टिम'साठी होता, हे मला मोबाइलवर पाहून कळलं आणि आम्ही निजामाच्या आत शिरलो.

"लुग़ा," चाचांनी वाचलं.

"लुगडं?" मामी.

चाचांचा चेहरा मात्र उजळला. "लुग़त! लुग़त म्हणजे डिक्शनरी. ये ज़बान का है भाऊ. दबाव!"

मामांनी दाबलं. जगातल्या सगळ्या भाषांची यादी उघडली, प्रत्येक भाषा आपापल्या अक्षरांत. चिनी गेली, थाई गेली, काही वळणं कसली तेच कळेना. चाचा चष्मा पुसत होते, मी मोबाइल चाळत होतो, मामा फार वेगाने खाली जात होते.

"थांबा हो," मामी म्हणाली. "मागं गेलं. मराठी लिहिलं होतं."

होतं. स्वच्छ देवनागरीत : मराठी. मामांनी दाबलं, मेनू सुलटा झाला, चाचांना चहा आला आणि पाच मिनिटांनी मामा पुन्हा घामाघूम. कारण आता पडद्यावर 'प्रदर्शन' होतं, 'प्रगत' होतं, 'सुलभता' होती. मामांनी आयुष्यभर 'डिस्प्ले' आणि 'ॲडव्हान्स' पाहिलेलं. "हे तं अरबीपेक्षा कठीण हाये," म्हणून त्यांनी इंग्रजी लावलं. चाचा निघताना दारात थांबून म्हणाले, "पिच्चर कौनसा था?" ते कुणालाच आठवलं नाही.

या माणसाची गावात चेष्टा होते असं वाटत असेल तर ते खरं नाही. संध्याकाळी ओसरीवर तीन-चार जण आपापले रिमोट रुमालात बांधून आलेले असतात. मामा मोबाइलचा कॅमेरा सुरू करतात, रिमोटचं टोक त्यासमोर धरून बटण दाबतात. डोळ्यांना दिसत नाही तो प्रकाश कॅमेऱ्याला जांभळट ठिपक्यासारखा दिसतो. ठिपका दिसला तर रिमोट जिवंत, दोष टीव्हीचा. नाही दिसला तर सेल. तरीही नाही दिसला तर मामा एक सुस्कारा सोडतात, आणि माणूस समजून घेतो. एकाचा टीव्ही रोज चारच्या सुमारास रिमोटला दाद द्यायचा नाही. मामा त्याच्या घरी जाऊन चार वाजेपर्यंत बसले. उतरती उन्हं दारातून थेट टीव्हीच्या डोळ्यावर पडत होती. पडदा लावायला सांगितला, दोष गेला. फी म्हणून त्याने अर्धा किलो हुरडा दिला. अमेरिकेतल्या 1955 च्या पहिल्या बिनतारी रिमोटवरही हीच तक्रार होती, ऊन पडलं की टीव्ही भलतंच करायचा. तिथल्या इंजिनिअरांना वर्षभरात नवं यंत्र काढावं लागलं. मामांनी पडद्यात भागवलं.

मला एकच गोष्ट सलते. 28 मार्च 2020 ला लॉकडाउनमध्ये दूरदर्शनने रामायण पुन्हा लावलं. सकाळी नऊ, रात्री नऊ. छतावर जायचं कारण उरलं नव्हतं, छत्री आपली जागेवर होती, शेतात फारसं काम नव्हतं. मी पुण्याहून फोन करून विचारलं, "मामा, या वेळी पाहून रायले ना?"

"पायतो ना," ते म्हणाले. "पण ते जुनं हाये, चौकोनी. टीव्ही लांबट. दोन्ही बाजूनं काया पट्ट्या येतात. त्या घालवून रायलो."

मागून मामीचा आवाज आला, "देवाले आडवं ताणू नोका, सांगून ठेवते."

त्यांनी 'झूम' लावलं, तर मुकुट कापले गेले. 'स्ट्रेच' लावलं, तर सगळे रुंद झाले. 'ऑटो' लावलं, तर पट्ट्या परत आल्या. तोवर अयोध्याकांड संपलं होतं. शेवटपर्यंत पट्ट्या गेल्या नाहीत, आणि जाणारही नव्हत्या, चित्र मुळातच 4:3 चं होतं. म्हणजे 1987 मध्ये वर होते म्हणून आणि 2020 मध्ये मेनूत होते म्हणून, मामांनी रामायण अजून पाहिलेलं नाही.

परवा फोन आला. या दिवाळीत सगळे जमणार आहेत. सोयाबीन आलेलं असेल, पोती लागलेली असतील, म्हणजे 'खरीप' सेटिंग. मामा म्हणाले, पहिल्या भागापासून लावू, मोठ्या पडद्यावर, पट्ट्या राहिल्या तर राहू दे. मी येतो म्हणालो. वाचकांपैकी कुणी त्या सुमारास मालेगाव-मेहकर रस्त्याने जाणार असेल तर केनवडला जरूर उतरा. कुणालाही रिमोटमामांचं घर विचारा, चहा नक्की मिळेल. निळ्या पट्टीच्या रिमोटला हात लावू नका. आणि जाताना दोन पेन्सिल सेल घेऊन जा. जाडे नकोत, बारीकवाले.